घरच्या जिममध्ये आधी फरशीचा विचार करा

ट्रेडमिल कोणती घ्यायची, यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालते. डंबेल्स ऑनलाइन मागवताना त्यांचा रंगसुद्धा निवडला जातो. पण हे सगळं ज्या जमिनीवर ठेवायचं, तिच्याकडे कुणी बघतही नाही.

आमच्याकडेही हेच झालं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, त्याची खोली रिकामी झाली आणि मी तिथे माझा व्यायामाचा कोपरा केला. तिसऱ्याच आठवड्यात घामेजलेल्या हातातून डंबेल सुटलं आणि व्हिट्रिफाइड टाइलचा कोपरा उडाला. तशी टाइल शोधत चार दुकानं फिरले. नंबर तोच, पण नव्या लॉटची छटा वेगळी. त्यात संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, ‘‘अगं, सकाळी सहा वाजता काय कोसळलं गं? हे दचकून उठले.’’ काकू हसूनच बोलल्या, पण पुढचा महिनाभर मी डंबेल्सना हात लावला नाही. टाइलपेक्षा ते नुकसान मोठं होतं.

तेव्हा तुम्ही खरेदीला निघण्याआधी एकच ठरवा, या खोलीत तुम्ही नक्की काय करणार आहात? योगासनं, झुंबा, वजनं की ट्रेडमिल? फरशीवर काय घालायचं, हे त्यावर ठरतं. आपल्या घरांतल्या टाइल्स आणि संगमरवर पुसायला सोप्या, दिसायला छान, पण व्यायामाला वाईट. त्या अजिबात दबत नाहीत, त्यामुळे उडी मारल्यावर बसणारा दणका घोट्यांना आणि गुडघ्यांना सोसावा लागतो. वर घामाचे चार थेंब पडले की पाय सटकतो. जुन्या घरातली शहाबादी किंवा बिनपॉलिशची कोटा फरशी कमी निसरडी असते, पण तितकीच टणक. कोल्हापूरच्या तालमींत हौद्यातली तांबडी माती खणून भुसभुशीत केल्याशिवाय पैलवान कुस्तीला उतरत नाहीत. आपण मात्र थेट टाइलवर सूर्यनमस्कार घालतो आणि मग मनगटं दुखतात म्हणून तक्रार करतो.

फक्त योगासनं आणि प्राणायाम करणार असाल, तर खोलीभर काही अंथरायची गरजच नाही. चार ते सहा मिलिमीटर जाडीची, न सरकणारी योगा मॅट पुरते. जास्त जाड म्हणजे जास्त चांगली, असं समजू नका. मऊ गादीवर वृक्षासनात उभं राहून पाहा, तोल सांभाळताना घोटा डुगडुगतो. गुडघे टेकायच्या आसनांसाठी चादरीची घडी खाली घ्या.

खरा गोंधळ होतो तो एकमेकांत अडकवायच्या रंगीत फोमच्या तुकड्यांमुळे. लहान मुलांच्या खोलीत घालतात ना, तेच. स्वस्त, हलके आणि घरच्या घरी बसवता येणारे, म्हणून सगळे तेच घेतात. स्ट्रेचिंगला किंवा मुलांच्या कोलांट्याउड्यांना ते चांगले आहेत. पण त्यांच्यावर ट्रेडमिल किंवा बेंच ठेवला, तर पायांखाली खड्डे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. वजन उचलून मऊ फोमवर उभं राहणं तर धोक्याचंच. पाय खाली रुतला की तोल जातो. झुंबासारख्या नाचात पाय गर्रकन वळवावा लागतो, तेव्हा हे तुकडे सांध्यापाशी सुटतात.

वजनांसाठी रबरच हवं. हलके डंबेल्स आणि साधा व्यायाम असेल, तर आठ ते दहा मिलिमीटरची रबर शीट चालते. बारबेल असेल किंवा वजनं जोरात खाली ठेवायची सवय असेल, तर पंधरा-वीस मिलिमीटरच्या टाइल्स घ्या. बरंचसं काळं रबर जुन्या टायरच्या चुऱ्यापासून बनतं, त्यामुळे सुरुवातीला वास येतो. शीट चार-आठ दिवस हवेशीर जागी उघडून ठेवा. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल, तर आधी नमुन्याचा तुकडा मागवून दोन दिवस घरात ठेवून पाहा. तुकडा हातात आला की अंगठ्याने दाबा आणि कडा घासा. चुरा हातात येत असेल, तर तो माल घेऊ नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना भीती असते ती स्लॅबची. घरातल्या खोल्यांचे स्लॅब भारतीय मानकांनुसार साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. ट्रेडमिल आणि तिच्यावर धावणारी व्यक्ती यांचं वजन बऱ्यापैकी जागेवर विभागलं जातं. त्यामुळे चांगल्या बांधकामात एका मशीनने सहसा काही बिघडत नाही. इमारत जुनी असेल, छताला तडे किंवा ओल असेल किंवा भरपूर वजनं एकाच जागी रचायची असतील, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमजवळ ठेवलेलं बरं. तिच्या मागे सहा फूट जागा मोकळी सोडा, पाय चुकला तर मागे आदळायला भिंत नको. बाल्कनीचा मोह टाळा. उन्हाने फोम ठिसूळ होतो आणि पावसाने मशीन गंजतं.

आवाजाबद्दल स्पष्टच सांगते, रबरामुळे तो कमी होतो, बंद होत नाही. धावण्याचा आणि उड्यांचा दणका स्लॅबमधून थेट खाली जातो. ट्रेडमिलखाली वेगळी जाड मॅट घालाच, पण दोरीवरच्या उड्या गच्चीवर किंवा खाली आवारात मारा. पहाटे वजनं उचलायची असतील, तर ती खाली टेकवताना हात शेवटपर्यंत सोडू नका. मी तर सरळ काकूंनाच विचारून सातची वेळ ठरवली.

अंथरण्यापूर्वी प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तर त्या टाइलखाली सिमेंट नीट भरलेलं नाही आणि जड वस्तू पडली की पहिली तीच फुटणार. रबर शक्यतो चिकटवू नका, भाड्याच्या घरात तर मुळीच नाही. स्वतःच्या वजनानेच ते जागेवर राहतं. घरात विनाइल फ्लोअरिंग असेल, तर त्यावर रबर थेट टाकू नका, पिवळट डाग उठतात आणि ते निघत नाहीत. मुंबई, गोवा, कोलकाता किंवा चेन्नईसारख्या दमट हवेत राहत असाल, तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक कड उचलून खाली ओल धरली नाही ना, हे पाहा. गालिचा तिथे नकोच, घाम आणि दमटपणाने त्याला कुबट वास येतो. लाकडी लॅमिनेट असेल, तर खाली पाणी झिरपू देऊ नका, ते फुगतं.

रबर पुसायला कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण पुरतो. फिनाइल आणि तेलकट क्लीनर वापरू नका. आमच्याकडे तो उडालेला कोपरा आता पंधरा मिलिमीटरच्या रबराखाली आहे. टाइल काही बदलली नाही.