हे केस कुणाला टोचतात?

केसांवर संपादकीय! दोस्तहो, आधी पोटभर हसून घ्या. पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, गावाकडं जयंतीच्या मिरवणुकीवरून डोकी फुटतात, आणि हे लोक केसांवर लिहायला बसले. होय, बसलो. जी डोकी फुटतात त्यांच्यावर केसही असतात. आणि ज्या व्यवस्थेला आमचं डोकं चालत नाही तिला आमचे केस तरी कुठून चालणार?

केस ही किरकोळ बाब आहे असं ज्याला वाटतं त्यानं नांदेडात एकदा हजूर साहिबला चक्कर मारून यावी. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा अंत याच गोदाकाठी झाला. त्यांच्या शिखांनी केस न कापणं ही निष्ठा मानली आणि ती मान ताठ ठेवून पाळली. केसांवर माणूस उभा राहतो. केसांवरून माणूस वाकवताही येतो.

तर प्रश्न असा. नांदेडला वजिराबादेत, लातूरला औसा रोडला, जिकडं बघावं तिकडं पार्लरं. पाट्यांवर स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन. आमच्या वस्तीतल्या, कॉलेजातल्या, लातूरला नीटच्या क्लाससाठी खोली करून राहिलेल्या पोरी विचारतात : केस कुरळे आहेत, राठ आहेत, केमिकल लावून जरा सैल करून घेऊ का? अगदी सरळ नको, नुसते सैल. माझे केस तसलेच आहेत. त्यामुळं हा प्रश्न मी दुसऱ्या कुणीचा म्हणून लिहीत नाही.

आधी शब्दांचा हिशोब करू. मराठी कवितेनं कुरळ्या केसांचं कौतुक काय कमी केलंय? गोऱ्या कपाळावर एक बट आली की ते 'कुरळे कुंतल'. तीच बट काळ्या कपाळावर आली की 'झिंज्या', 'झिपऱ्या', 'मेंढीची लोकर'. आताची पोरं 'मॅगी' म्हणतात. केस तेच, वळण तेच, बदललं ते फक्त कपाळ. म्हणजे टोचतात ते केस नव्हेत. केसांखालचा माणूस टोचतो.

इथं आपल्यातलाच एखादा उतावळा दोस्त उठतो. म्हणतो, बरोबर! कुरळे केस हीच आपली ओळख, सरळ केस त्यांचे. थांब दोस्ता. असली मोजमापं रिस्लेसाहेबानं केली होती, माणसांची नाकं मोजून जातीची उतरंड लावायला. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्याच मापांचे आकडे घेऊन दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नव्हेतच. मग आपण आता केस मोजायला बसायचं? कुरळे केस बामणाच्या घरातही निघतात आणि सरळ केस बौद्धवाड्यातही. केसाला जात नाही. जात आहे ती बघणाऱ्याच्या डोळ्यात.

पण केस कापणाऱ्या हाताला मात्र जात होती. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय : साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नव्हतं. लहान भिवाचे केस त्याची थोरली बहीण कापायची. आमच्या आज्ज्याला विचारा, त्याच्याही डोक्याची हीच कथा निघंल. म्हणून आज आमची पोरगी पार्लरच्या फिरत्या खुर्चीवर पाय पसरून बसते, समोर आरसा आणि मागं कात्री घेतलेला कुणाचा तरी हात, तेव्हा मला आधी बरं वाटतं. ती खुर्ची फुकट मिळालेली नाही. प्रश्न त्या खुर्चीत बसावं की नाही हा नाहीच. बसल्यावर काय मागायचं, एवढाच आहे.

गेल्या महिन्यात अभ्यासवर्गात यावरून जुंपली. एक पोरगा म्हणाला, केस सरळ करणं म्हणजे ब्राह्मण्याला शरण जाणं. एक पोरगी ताडकन म्हणाली, "तू दर पंधरा दिवसाला दाढी कोरून घेतोस तवा कुठं जातं रं तुझं ब्राह्मण्य? माझ्या डोक्यावर ठराव करणारा तू कोण?" पोरगी बरोबर बोलली. चळवळीतल्या पुरुषांनी बायकांच्या डोक्यावरची पोलीसगिरी बंद करावी. आमच्या केसांवर मनूनं हक्क सांगितला तो आम्ही जाळला. आता तो हक्क कार्यकर्त्याला द्यायला आम्ही बसलेलो नाही.

पण तिच्या मैत्रिणीनं काढलेला मुद्दा जास्त जड होता. ती म्हणाली, बाबासाहेबांनीच तर महाडला बायकांना राहणी बदला म्हणून सांगितलं. खरं आहे. डिसेंबर १९२७. लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, हातापायांतले ते जडशीळ दागिने टाकून द्या, कारण त्यांवरून तुमची जात ओळखू येते. मग केसांवरून हिणवतात तर केसही बदलू, चूक काय?

यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे. ते लुगडं आणि ते दागिने जातीनं आमच्या अंगावर चढवले होते. लादलेली खूण होती, ती उतरवली. उतरवायला पैसा लागला नाही, कातडी भाजली नाही, आणि एकदा उतरली ती उतरली. केस कुणी लादलेले नाहीत. ते आईच्या पोटातून आलेत. बाबासाहेबांनी अंगावरचं ओझं टाकायला सांगितलं, अंग टाकायला नाही. कातडीचा रंग काळा म्हणून हिणवतात, तर कातडी सोलायची का?

आमच्या चळवळीनं एक नाव समुद्रापलीकडून घेतलं. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव आणलं, त्यामागची केसांची लढाई मात्र आपण नीट वाचली नाही. माल्कम एक्सनं तरुणपणी कॉस्टिक, अंडी आणि बटाट्याचा लगदा डोक्याला फासून केस सरळ केले होते. १९६५ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानं डोक्याची ती आग सांगितली आणि नंतरची शरमही. पुढच्या पोरापोरींनी केस वाढतील तसे वाढू दिले, त्याला अफ्रो म्हणाले. गोऱ्यांच्या हापिसांना ते झोंबलं. इतकं, की केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाला २०१९ साली करावा लागला.

पण गोष्ट इथं संपवली तर ती खोटी होईल. शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही १९५४ साली एका काळ्याच माणसानं काढलेली कंपनी. केस सरळ करायचा माल विकून ती वर आली. पोरं अफ्रो ठेवायला लागली तेव्हा तिनंच 'अफ्रो शीन' बाजारात आणलं. बाजार असा असतो. आज तो तुला केस सरळ करायचं औषध विकतो, उद्या कुरळेच राहू दे म्हणून हजाराचं क्रीम विकतो. दोन्हीकडून खिसा तुझाच. विद्रोह ट्यूबमध्ये भरून मिळत नाही.

आता पार्लरच्या बाटलीत काय असतं ते बघू. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, वळण पक्कं राहतं ते त्यांच्यामुळं. रिबॉन्डिंगचं औषध, बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट, हे बंध तोडतं. मग तापल्या इस्त्रीनं केस ओढायचा आणि दुसऱ्या औषधानं बंध पुन्हा जोडायचे. 'नुसते सैल' म्हणजे निराळं काही नाही. तेच औषध, कमी वेळ. तुटलेलं वळण त्या केसात परत येत नाही. आणि मुळातून नवा केस येतो तो कुरळाच येतो, कारण वळण मुळाच्या घडणीतच आहे. म्हणजे दोन रंगांच्या भिंतीसारखं डोकं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा तेच पैसे. खोलीभाडं आणि मेस भागवून बापानं पाठवलेले.

केराटिन ट्रीटमेंटची तऱ्हा वेगळी. तिच्या अनेक औषधांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतो. डोळे चुरचुरतात, नाक जळतं ते त्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलाय. मग 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेला माल आला, त्यात ग्लायोक्सिलिक ॲसिड. ट्युनिशियाच्या एका २६ वर्षांच्या बाईचं मूत्रपिंड २०२०, २०२१ आणि २०२२ असं तीनदा, दरवेळी केस सरळ केल्यावर दुखावलं. फ्रेंच डॉक्टरांनी तिच्या क्रीममधलं हे ॲसिड उंदरांवर तपासून २०२४ साली लिहिलं, की ते कातडीतून आत जातं आणि मूत्रपिंडात खडे धरतात. अमेरिकेत ३३,४९७ बायकांची सुमारे ११ वर्षं पाहणी झाली, ती २०२२ साली छापून आली. केस कधीच सरळ न करणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा करणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध दिसला आहे, कारण पक्कं ठरलेलं नाही, आणि तिथला माल आणि इथला माल एक नव्हे. भीती घालायला हे लिहीत नाही. माहिती दडवून घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, म्हणून लिहिते.

आणि त्या बाटलीच्या पलीकडं उभी असते ती कोण? बहुतेक आपल्यासारख्याच घरातली पोरगी. तू तीन तास धूर घेऊन घरी जातेस. ती रोज घेते, बंद खोलीत, एसीची थंडी पळू नये म्हणून खिडकी लावलेल्या. तिच्या फुप्फुसांवर कोण संपादकीय लिहिणार? १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनीच ते खाली ठेवलं. पार्लरमधल्या पोरींचीही संघटना होऊ शकते. खिडकी उघडी, पंखा चालू, हातात मोजे, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचा हक्क. मागण्या एवढ्याच.

माझा निर्णय मी सांगते. मी माझे केस सैल करणार नाही. मोठेपणासाठी नाही. मला कुणाच्या तरी डोळ्यातली घाण माझ्या डोक्यावर धुवायची नाही, म्हणून. कुरळ्या केसाला तेल मुळापासून टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तो राठ लागतो. त्यात दोष काही नाही. कोरडा ओरबाडू नये, ओला असताना रुंद दातांच्या फणीनं विंचरावा. आणि मराठवाड्याच्या घरात जवस असतो. मूठभर पाण्यात उकळून गाळला की बुळबुळीत गर निघतो, तो ओल्या केसांना लावला की बटा जागच्या जागी बसतात. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरला तासभर केस धुवायला लावणारे उपचार परवडत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आणि ज्या मैत्रिणीला करायचेच आहेत तिनं करावेत. रिसेप्शनला 'प्रेझेंटेबल' पाहिजे म्हणून नोकरी अडली असंल, बघायला आलेले नाक मुरडून गेले असतील, तर तिला शरणागत म्हणायचा हक्क मला नाही. तिची लढाई तिला कळते. पण खुर्चीत बसायच्या आधी बाटली मागून घे, वाच. डोक्याला जखम किंवा पुटकुळ्या असतील तर उठून ये. पोटात मूल असंल तर करू नकोस. औषध कातडीला लागू देऊ नकोस. नंतर उलट्या, पाठदुखी, लघवी कमी असं काही झालं तर सरळ डॉक्टर गाठ आणि केसांना काय लावलं ते पहिलं सांग. लाजू नकोस.

घरातल्या भिंतीवरच्या बुद्धाकडं एकदा नीट बघा. अजिंठ्याच्या लेण्यांत बघा. डोकंभर कुरळे वळसे. शतकानुशतकं शिल्पकारांना शांत माणसाचं डोकं तसंच सुचलं.

आता काम. नांदेड-लातूरच्या प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक क्लासच्या खोलीत एक गोष्ट बंद झाली पाहिजे : केसांवरून, रंगावरून ठेवलेली नावं. चेष्टा म्हणून चालणारी ही जातीयता आहे, आणि ती आपली पोरंही करतात. जो 'मॅगी' म्हणंल त्याला तिथंच, त्याच क्षणाला, चार लोकांत थांबवा. टोचणारं बोलणं थांबलं, तर सैल करायचं काही उरतं का ते मग प्रत्येकीनं आरशात बघून स्वतः ठरवावं.

जयभीम.