संघटनेचा फलक दिसतो, वही कुठे आहे?

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, बेल्हे, मंचर, घोडेगाव. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील या बाजारपेठांतून फिरताना व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या संघटनांचे फलक ठिकठिकाणी दृष्टीस पडतात. रमजानमध्ये इफ्तार, ईदला शीरखुर्मा, दिवाळीला फराळ, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, रक्तदान शिबिर ही कामे संघटना हौसेने करतात. ती चांगली आहेत. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न एवढाच आहे की, संघटनेच्या एखाद्या सदस्याचे दुकान दोन महिने बंद पडले तर त्याच्यासाठी संघटनेच्या हाती काय असते?

काही वर्षांपूर्वी अशाच एका संघटनेच्या वार्षिक सभेचे मला निमंत्रण होते. सभागृह भरलेले होते. हारतुरे झाले, भाषणे झाली. शेवटी कोणाला काही बोलायचे आहे काय, असे विचारताच गाद्या भरणारे एक वृद्ध पिंजारी उभे राहिले. म्हणाले, "मागच्या वर्षी माझा हात मोडला. तीन महिने दुकान बंद होते. नऊ वर्षे वर्गणी देतोय, पण कोणी विचारायला आले नाही." अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "चाचा, आम्हाला कळवायचे ना!" चाचांनी लगेच विचारले, "कळवायचे कुठे? संघटनेचे दप्तर कोणाच्या घरी असते, तेवढे सांगा." सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले. पण उत्तर कोणी दिले नाही, कारण दप्तरच नव्हते.

माझ्या मते आपल्या बहुतेक संघटनांचे दुखणे हेच आहे. माणसे वाईट नाहीत, दानतही कमी नाही. कमी आहे ती वही. कोणी किती दिले, कोणाला किती मदत झाली, ती परत कधी आली, हे ज्या संघटनेत लिहिलेले नसते, तेथे मदत हा सदस्याचा हक्क राहत नाही. ती अध्यक्षांची मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी मागण्यापेक्षा सावकाराच्या दारात जाणे स्वाभिमानी कारागिराला सोपे वाटते.

दगडात कोरलेला व्यवहार

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन निधी सांभाळणे ही काही शहरातून आलेली नवी गोष्ट नाही. आपल्या जुन्नरच्या डोंगरांतील लेणी पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कोकणातील बंदरांकडे माल जात असे व जुन्नर ही मोठी पेठ होती. त्या काळच्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, उल्लेख येतो. या संघाने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके कोरून दिले. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडविणारे कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेवल्याची नोंद आहे.

त्या संघांचा धर्म वेगळा, काळ वेगळा. पण व्यवहाराची गोष्ट समजण्यासारखी आहे. बुरूड आणि कासार ही काही राजघराण्यातील माणसे नव्हती, हातावर पोट असणारेच होते. तरीही लोक त्यांच्या संघाकडे विश्वासाने पैसा ठेवीत, कारण माणूस गेला तरी संघ राहील याची खात्री होती. आणि तो व्यवहार कोणाच्या घरच्या कपाटात नव्हे, तर येणारा-जाणारा वाचू शकेल असा दगडावर कोरला जाई. अमानत सांभाळायची तर अशी, चारचौघांच्या डोळ्यांसमोर.

आपल्या दीनमध्येही याची शिकवण स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नुबुव्वत मिळण्यापूर्वीची घटना. येमेनमधील जबीद येथील एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाईल या बड्या असामीने माल घेतला व पैसे बुडविले. परक्या व्यापाऱ्याला मक्केत कोणी वाली नव्हता. तेव्हा काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला. हाच हिल्फुल-फुजूल. प्रेषित (स.) त्या करारात सामील होते आणि पुढेही त्यांनी त्याचे स्मरण अभिमानाने केले. व्यापाऱ्यांच्या संघटनेचे पहिले काम काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. ज्याचे पैसे अडकले, ज्याची बाजू दुबळी, त्याच्यामागे उभे राहणे हे ते काम. त्या व्यापाऱ्याची बिरादरी कोणती, हे तेथे कोणी विचारले नव्हते.

जुन्नरी कागदाची आठवण

जुन्नरचे नाव एके काळी कागदासाठी घेतले जाई. येथील कागजी घराणी हाताने कागद बनवीत. रद्दी व चिंध्या-गोणपाट भिजवून कुटायचे, लगदा हौदात कालवायचा, साच्यावर कागद उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि घोटून गुळगुळीत करायचा, असे ते कष्टाचे काम. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागद वापरला गेला. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

कोणतीही संघटना गिरणीला अडवू शकली नसती, हे खरे आहे. परंतु धंदा बसणे आणि धंदेवाल्याचे घर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपल्या हातात नसते. दुसरी बऱ्याच अंशी असते. कच्चा माल एकत्र घ्यावा, तयार मालासाठी दूरचे गिऱ्हाईक एकत्र शोधावे, मुलाला दुसरा हुन्नर शिकेपर्यंत घर चालेल एवढा आधार द्यावा. हे एकट्या घराला झेपत नाही, पन्नास घरांना झेपते.

आज तीच वेळ वेगळ्या रूपाने आली आहे. शिंप्यासमोर तयार कपडा आहे, पिंजाऱ्यासमोर कारखान्याची गादी आहे, मण्यार आणि अत्तारासमोर मोबाईलवरून घरपोच येणारा माल आहे. पुणे-नाशिक महामार्गाला नारायणगाव व मंचरला बाह्यवळण मिळाले. कोंडी सुटली हे बरे झाले. पण गावातून जाणाऱ्या गाड्यांवर ज्यांची विक्री होती त्या छोट्या दुकानदारांचे गिऱ्हाईक घटणारच. यात कोणाचा दोष नाही. मात्र ज्याचे उत्पन्न घटते तो एकटा पडू नये, ही जबाबदारी कोणाची तरी आहे.

संकट मोठे असते तेव्हा माणसे आपोआप धावतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसे गेली. त्या वेळी चहूकडून मदत आली. २०२० च्या टाळेबंदीत शिधा वाटणारे हात गल्लोगल्ली होते. पण टाळेबंदी उठल्यावर शिधा थांबतो. दुकानात माल भरायला भांडवल नसते, भाडे थकलेले असते, घाऊक व्यापारी उधार देत नाही. या दुसऱ्या संकटाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याला मदतही मिळत नाही. संघटनेची खरी गरज येथे असते.

हिशेब अवघड नाही

समजा, साठ सदस्य आहेत आणि प्रत्येकाने महिना शंभर रुपये दिले. महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२,००० रुपये होतात. त्यातील २४,००० कधीही हात न लावण्याची गंगाजळी म्हणून बँकेत ठेवावेत. उरलेल्या ४८,००० मधून एका वेळी चार सदस्यांना बारा-बारा हजार रुपये कर्जे-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने, देता येतात. आठवड्याला सहाशे रुपयांप्रमाणे वीस आठवड्यांत रक्कम परत येते आणि पुढच्या चौघांना मिळते. म्हणजे वर्षात किमान आठ घरे सावकारापासून वाचतात, आणि मूळ रक्कम जागेवर राहते. आपल्यातील किती तरी जण भिशीत याहून मोठी रक्कम भरतात. भिशीत ज्याची पाळी त्याला पैसा मिळतो. निधीत ज्याची गरज त्याला मिळतो. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

यासाठी काही गोष्टी पक्क्या हव्यात. संस्थेची रीतसर नोंदणी करावी. सोसायटी नोंदणी कायदा १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांच्याखाली नोंदणी झाली की हिशेब तपासून घेणे बंधनकारक होते. ते ओझे नाही, संरक्षण आहे. लोकांच्या ठेवी घ्यायच्या असतील तर मात्र सहकार कायदा १९६० खाली पतसंस्थाच काढावी लागेल. त्या वाटेला जाण्यापूर्वी वकील व लेखापालाचा सल्ला घ्यावा. बँक खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्या एकाच घरातील नसाव्यात.

जकातीचा पैसा व वर्गणीचा पैसा एका थैलीत टाकू नये. जकात कोणाला द्यायची त्याचे आठ हक्कदार कुरआनने सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत, आणि कर्जात बुडालेला माणूस त्यांत आहे. म्हणून एखादा सदस्य खरोखरच परतफेड करू शकत नसेल तर आलिमांना विचारून जकातीतून त्याला मोकळे करण्याचा विचार होऊ शकतो. पण त्यासाठी दोन्ही वह्या वेगळ्या असल्या पाहिजेत.

तिसरे काम कागदपत्रांचे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा हुन्नरांचा समावेश आहे. शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, कुलूप बनविणारे त्यात आहेत. प्रशिक्षण, विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. व्याजाचे कर्ज ज्याला नको असेल त्यानेही प्रशिक्षण व अवजारांचा लाभ का सोडावा? पिंजारी आणि मण्यार मात्र त्या यादीत नाहीत. ते यावेत यासाठी निवेदन देणे हे संघटनेचेच काम आहे, एकट्या पिंजाऱ्याचे नव्हे. हातगाडी व पथारीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेतेच असले पाहिजेत. आपल्या किती बागवान व तांबोळी बांधवांना हे ठाऊक आहे? आठवड्यातून एक संध्याकाळ शिकलेल्या दोन मुलांनी संघटनेच्या दप्तरात बसून अर्ज भरून दिले तरी मोठे काम होईल.

आणि हे सर्व करताना दार बंद करू नये. बागवानाचा टोमॅटो शेतकऱ्याच्या मळ्यातून येतो, मण्याराच्या बांगड्या गावोगावच्या लेकीबाळी भरतात. बाजार हा सर्वांचा मिळून असतो. बाजारात बसणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दिवे, कचऱ्याची सोय या मागण्या इतर व्यापारी संघटनांना सोबत घेऊन केल्या तर त्यांना वजन येते. सुखाच्या दिवसांत जो शेजाऱ्याच्या कामी आला, त्याच्यावर अफवेच्या दिवशी विश्वास ठेवणारे चार लोक गावात निघतात.

अविश्वास नव्हे, आज्ञा

"आपली माणसे पैसे परत करत नाहीत," असे म्हणणारे भेटतील. काही जण बुडवतीलही. म्हणून सुरुवात लहान रकमेने करावी, दोन सदस्यांची जामीनकी घ्यावी आणि पहिली रक्कम फिटल्यावरच दुसरी द्यावी. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. हिशेब मागितला की पदाधिकाऱ्यांना वाटते, आपल्यावर संशय घेतला. अशांनी सूरह बकराची २८२ वी आयत आठवावी. कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व साक्षीदार करणे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा आळस करू नये अशी त्यात ताकीद आहे. लिहिणे हा अविश्वास असता तर ईमानवाल्यांना त्याची आज्ञा झाली नसती. प्रामाणिक पदाधिकाऱ्याला तर वहीचीच गरज सर्वांत जास्त, कारण उद्या कोणी बोट दाखविले तर तीच त्याची साक्षीदार असेल.

तेव्हा वाचकहो, आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा चहा येण्यापूर्वी तीन वह्या मागा. एक सदस्यांच्या नोंदीची, एक जमाखर्चाची, एक मदत व परतफेडीची. मोठ्या आवाजात नको, अदबीने मागा. वह्या असतील तर पदाधिकाऱ्यांचे मनापासून आभार माना. नसतील तर त्याच दिवशी तीन कोऱ्या वह्या आणून द्या आणि पहिल्या पानावर आपली वर्गणी लिहा. ज्या जुन्नरने पेशव्यांच्या दप्तराला कागद पुरविला, तेथील संघटनेला आपल्या हात मोडलेल्या चाचांसाठी एक वही ठेवता येऊ नये काय?