पोरगं बिघडलं कुणामुळे?

मालेगावात ‘कुत्ता गोळी’ हे नाव लहान पोरांनाही ठाऊक आहे. मूळ औषध अल्प्राझोलम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही, असा कायदा आहे. तरी नशेसाठी ते पोरांच्या हाती पडतं. विकणारा पकडला जातो, चार दिवस चर्चा होते आणि मोहल्ल्यात एकच वाक्य फिरतं: आई-बापाचं लक्ष नव्हतं.

बाप बारा-बारा तास यंत्रमागावर उभा. रातपाळी करून तो झोपतो, तेव्हा पोरगं बाहेर. शाळा सोडून ते वर्षभर कोपऱ्यावर बसत होतं, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. मस्जिदीत मागच्या सफेत हसलं, म्हणून त्याला हाकललं. हो, आम्हीच.

प्रत्येकाला आपल्या कळपाचा जाब द्यावा लागेल, ही हदीस आम्ही खुत्ब्यात ऐकतो. कळप म्हणजे फक्त आपलीच मुलं, असं समजून घरी येतो. हजरत लुकमान यांनी मुलाला तौहीद, नमाज, अगदी चालणं आणि हळू बोलणंही समजावलं, ते प्रेमानं ‘बेटा’ म्हणत. आम्ही त्या पोराला कधी बेटा म्हटलं होतं?

आता त्याचे अब्बू समोरून आले की आम्ही गल्ली बदलतो.