बरोबरीची जोड

गेल्या पावसाळ्यांतील एक दुपार आम्हांस अद्याप विसरतां येत नाहीं. आमच्या शाळेच्या चौदा वर्षांखालील मुलांचा फुटबॉलचा पहिलाच सामना होता. उन्हाळ्याच्या सुटींतही पहांटे उठून सराव केलेलीं तीं मुलें मोठ्या उमेदीनें मैदानावर उतरलीं, आणि अर्ध्या तासांत त्यांच्यावर नऊ गोल झाले. प्रतिपक्षाचे खेळाडू उद्धट नव्हते, पंचांनीं पक्षपात केला नाहीं, नियमांचा कोठेंही भंग झाला नाहीं. तरीही परत येतांना आमच्या लहानग्या गोलरक्षकानें विचारलें, "सर, आम्ही वाईट खेळलों, कीं आम्हांला खेळायलाच मिळालें नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर त्या क्षणीं आम्हांस देतां आलें नाहीं. तें देण्याचा प्रयत्न या लेखांत करावा असें योजिलें आहे.

वास्तविक कोल्हापुरास हा प्रश्न नवा वाटूं नये. ज्या नगरींत श्रीशाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीमैदान उभारलें, त्या नगरींतील शेंबड्या पोरासही 'जोड' या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. गांवोगांवच्या जत्रेंत कुस्त्यांचें मैदान भरतें, तेव्हां जाणते वस्ताद दोन पैलवानांस समोरासमोर उभे करतात. त्यांचें वय, उंची, अंगलट व मागील कुस्त्या लक्षांत घेतात. आणि जोड बरोबरीची आहे असें ठरल्यावरच हातांत हात दिला जातो. रेवड्यांवर लढणारीं लहान पोरें वेगळीं, नारळावर लढणारे वेगळे आणि शेवटची मानाची कुस्ती वेगळी. एखाद्या कसलेल्या मल्लानें कोवळ्या पोरास चीत केलें तर त्याला फेटा कोणी बांधीत नाहीं. उलट जोड लावणाऱ्यालाच लोक नांवें ठेवतात. यांत दुर्बलावर दया करण्याचा हेतु नसतो. बरोबरीची जोड नसेल तर कुस्तीच होत नाहीं, एवढें साधें सत्य त्यामागें आहे.

आमच्या शहराचा फुटबॉलही तालमींच्याच कुशींत वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचीं नांवें आज कुस्तीइतकींच फुटबॉलमुळें लोकांच्या तोंडीं आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा ओस पडतात. या प्रौढ संघांच्या साखळी स्पर्धांतही वरचा व खालचा असे गट आहेत. जी सोय मोठ्या माणसांस आहे ती मुलांस मात्र नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

शालेय स्पर्धांची आजची व्यवस्था पालकांस थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सरकारी क्रीडा खात्यामार्फत होणाऱ्या सामन्यांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. तालुक्यांतील विजेता जिल्ह्यास, तेथील विजेता विभागास व पुढें राज्यास जातो. मुलांच्या डोळ्यांसमोर असलेली, १९६० पासून चालत आलेली सुब्रोतो चषक स्पर्धाही वयोगटांवरच आधारलेली आहे. वयावरून गट पाडणें योग्यच आहे, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, केवळ वय पाहिल्यानें जोड बरोबर लागत नाहीं.

प्रथम वयाचीच गोष्ट घ्या. चौदा पूर्ण होऊन दोन महिने झालेला मुलगा पुढच्या गटांत जातो, आणि तेथें सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील तरुणाशीं त्यास झुंजावें लागतें. वयाची गणना १ जानेवारीपासून होते. त्यामुळें जानेवारींत जन्मलेला व डिसेंबरांत जन्मलेला हे दोघे कागदावर एकाच वर्षाचे असले तरी त्यांच्यांत जवळजवळ बारा महिन्यांचें अंतर असतें. १९८५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं तेथील बर्फावरील हॉकीच्या निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हां वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांहून पुष्कळच अधिक आढळला. लहानपणीं थोडा मोठा दिसणारा मुलगा निवडला जातो. निवडला गेल्यामुळें त्यास शिक्षण व सराव अधिक मिळतो. आणि मग तोच खरोखर अधिक चांगला खेळाडू होतो. ज्यास कोणी निवडलें नाहीं त्याचें काय झालें असतें हें कोणासच कळत नाहीं.

दुसरी गोष्ट संख्येची. समजा, एका शाळेंत त्या वयाचीं तीनशें मुलें आहेत व दुसरींत साठ. पहिली शाळा सत्तावीस मुलांतून एक या हिशेबानें आपले अकरा निवडते. दुसरीस पांच-सहा मुलांतून एक घ्यावा लागतो. त्यांत पहिलीस स्वतःचें मैदान व शिक्षक असावे, आणि दुसरी डोंगरी भागांतील असून तिच्या मुलांस एकमेकांचे बूट मागून घालावे लागावे, म्हणजे निकाल नाणेफेकीपूर्वींच लागलेला असतो.

तिसरी गोष्ट सामन्यांच्या पद्धतीची, आणि आमच्या मतें सर्वांत अन्याय हिच्यांत आहे. सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. बत्तीस संघ उतरले तर सोळा पहिल्याच सामन्यानंतर घरीं जातात. वर्षभर घाम गाळावा आणि एका तासांत वर्षाचा खेळ संपावा! ज्यास अधिक सामन्यांची गरज आहे त्यास एक सामना मिळतो, व जो आधींच तरबेज आहे त्यास पांच मिळतात.

यावर कोणी म्हणेल कीं, मैदान सर्वांस सारखें आहे, चेंडू एकच आहे, नियम एक आहेत. मग अन्याय कसला? या आक्षेपाचें उत्तर करवीरच्या इतिहासांतच आहे. सांगलीचे वकील अभ्यंकर यांनीं शाहू महाराजांच्या राखीव जागांच्या धोरणावर असाच आक्षेप घेतला, तेव्हां महाराजांनीं त्यांस घोड्यांच्या पागेंत नेलें व सर्व घोड्यांचे हरभरे एकाच ठिकाणीं ओतावयास सांगितलें, अशी कथा सांगतात. धट्ट्याकट्ट्या घोड्यांनीं सारे हरभरे फस्त केले, आणि रोडके व शिंगरें दूर उभीं राहिलीं. हरभरे सर्वांसाठींच होते. परंतु सर्वांस पोंचले नाहींत. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवणाऱ्या राजाच्या नगरींत, मैदान खुलें ठेवलें म्हणजे न्याय झाला असें आम्हीं तरी म्हणूं नये.

मग गट कशावरून पाडावे? कशावरून पाडूं नयेत तें आधीं सांगतों. जात, धर्म, शाळेचें माध्यम किंवा पालकांची सांपत्तिक स्थिति यांवरून ते कदापि पाडूं नयेत. मुंबईस क्रिकेटचे चौरंगी व पुढें पंचरंगी सामने धर्मवार संघ करून होत असत. त्यांना गर्दीही अलोट लोटे. परंतु खेळांतून भेद वाढतो हें ओळखून १९४६ सालीं ते बंद करण्यांत आले, तें योग्यच झालें. संघाचें बळ सोडून दुसरें कांहीं पाहूं लागलों कीं जोड लावणारा वस्ताद नाहींसा होतो आणि भिंती घालणारा गवंडी उभा राहतो.

आमची सूचना अशी आहे. वयोगट आहेत तसेच ठेवावे. तालुक्याच्या किंवा शहराच्या पातळीवर मात्र बाद सामन्यांपूर्वीं शाळांच्या दोन किंवा तीन श्रेणी कराव्या. पहिल्या वर्षीं श्रेणी ठरवितांना त्या वयाच्या मुलांची शाळेंतील संख्या पाहावी. त्यापुढें मागील वर्षाचा खेळ पाहावा. खालच्या श्रेणींत पहिले येतील ते वर चढावे, वरच्या श्रेणींत शेवटीं राहतील ते खालीं यावे. मुंबईच्या शालेय फुटबॉलमध्यें पहिला, दुसरा, तिसरा असे विभाग आहेतच. अमेरिकेंत बहुतेक राज्यांतून हायस्कुलांचे गट विद्यार्थिसंख्येवरून पडतात; इलिनॉय राज्यानें तर २००५ सालीं असाही नियम केला कीं, ज्या शाळेस कोठलेही विद्यार्थी घेण्याची मुभा आहे तिची संख्या १.६५ नें गुणून मग तिचा गट ठरवावा. तो आंकडा येथें आणावा असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु बाहेरून तयार खेळाडू आणणारी शाळा आणि आपल्या वर्गांतील मुलांस घडविणारी शाळा यांतील फरक त्यांनीं ओळखला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

प्रत्येक श्रेणींत चार-चार संघांचे साखळी सामने झाले तर प्रत्येक मुलास निदान तीन सामने मिळतील. बत्तीस संघांस बाद पद्धतीनें एकतीस सामने लागतात. आठ साखळ्या व पुढील सामने मिळून पंचावन्न लागतील. मैदानें व पंच अधिक लागतील हें खरें, परंतु हा खर्च मुलांच्या खेळण्यावर होतो, दिखाव्यावर नव्हे. ज्या शाळांस अकरा खेळाडूही जमत नाहींत त्यांच्यासाठीं सात-सात जणांचे सामने ठेवावे. २०१८ पासून देशांत लहान मुलांच्या ज्या 'बेबी लीग' सुरू झाल्या त्यांत थोड्या खेळाडूंचे सामने होतातच. मुलींच्या फुटबॉलला तर ही सोय विशेष उपयोगी पडेल, कारण कित्येक शाळांत हौस आहे पण संघ पुरा होत नाहीं.

दुबळ्यानें दुबळ्याशींच खेळावें तर तो सबळ कसा होणार, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. म्हणूनच श्रेणींचे सामने आटोपल्यावर शेवटीं सर्वांस खुला असा एक चषक असावा, आणि त्यांत लहान शाळेस मोठ्या शाळेशीं भिडण्याचा पूर्ण अधिकार असावा. पैलवानही रेवड्यांवरून नारळावर व नारळावरून मानाच्या कुस्तीकडे जातो. पहिल्याच दिवशीं त्याला कोणी मानाच्या कुस्तीस उभा करीत नाहीं. शिवाय सबळांचाही यांत लाभ आहे. इंग्लंडांतील व्यावसायिक क्लबांनीं अलीकडे मुलांच्या अंगाच्या वाढीवरून गट पाडून कांहीं सामने खेळविले, तेव्हां लवकर वाढलेल्या मुलांस नुसत्या अंगबळावर जिंकतां येईना व त्यांस कौशल्याकडे वळावें लागलें. नऊ गोलांनीं जिंकणारा मुलगा त्या दिवशीं काय शिकतो? आमच्या मतें, कांहींच नाहीं.

आतां पालकांस एक विनंति करावयाची आहे, आणि ती करतांना आम्ही संकोच धरीत नाहीं. गट कितीही शहाणपणानें पाडले तरी ते दाखल्यावरील जन्मतारखेवर उभे असतात. खेळांतील यशाबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. त्या लोभानें, किंवा नुसत्या विजयाच्या हौसेनें, मुलाचें वय कमी दाखविण्याचे प्रकार देशांत होतात हें सर्वश्रुत आहे. जगाच्या फुटबॉल संघटनेस २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकांत मुलांच्या मनगटांचीं चुंबकीय चित्रें काढून वय तपासावें लागलें, यावरून हा रोग किती दूरवर पसरला आहे तें दिसतें. सरकारला थोडें फसविलें असें कोणास वाटत असेल. परंतु फसगत होते ती खऱ्या वयाच्या दुसऱ्या मुलाची, ज्याची संघांतील जागा गेली. त्याहून अधिक हानि स्वतःच्या मुलाची होते. आपला विजय ज्या तारखेवर उभा आहे ती खोटी आहे आणि ती आपल्या वडिलांनींच लिहविली आहे, हें त्या मुलास ठाऊक असतें. त्याच्यापुढें सत्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार मग घरांत कोणासच उरत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, २०१७ सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु त्याच्यासारखे आणखी किती जण पहिल्याच विजोड सामन्यानंतर बूट काढून कायमचे घरीं बसले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवला आहे? तो हिशेब निदान आपल्यापुरता आपण ठेवूं. येत्या वर्षीं शाळेच्या अंतर्गत सामन्यांत केवळ इयत्ता न पाहतां वय, वाढ व खेळ पाहून संघ पाडावे, प्रत्येक संघास निदान तीन सामने द्यावे, आणि जोडी लावण्याच्या कामांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही घ्यावें, अशी सूचना आम्ही क्रीडा-शिक्षकांपुढें मांडली आहे. अनुभव चांगला आला तर शेजारच्या शाळांस बोलावूं व मग अधिकाऱ्यांकडे जाऊं.

आणि आमच्या त्या गोलरक्षकास आतां उत्तर देतों. बाळ, तूं वाईट खेळला नाहींस. त्या दिवशीं तुला खेळायलाच मिळालें नाहीं, आणि तो दोष आम्हां मोठ्यांचा आहे. परंतु बरोबरीची जोड मिळाल्यावर जर गोल झाला, तर मात्र तो तुझा. त्या दिवशीं कोणाकडे बोट न दाखवितां दुसऱ्या पहांटे पुन्हां मैदानावर ये.