ऑप्रीची शंभरी आणि 'अस्सल'चा धंदा

गेल्या शनिवारी मित्राकडे जेवायला जमलो होतो. सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आधी रिलीजला शिव्या, मग मॅनेजरला, आणि मग गाणी. मी बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' लावला, तर एकजण लगेच, "हे कंट्री नाही राव. अस्सल ऐकायचं तर ग्रँड ओल ऑप्री ऐक. शंभर वर्षं झाली, पण भेसळ नाही!"

'भेसळ नाही' हे दोन शब्द डोक्यात गेले. जेवण झालं, भांडण राहिलं. ते इथे पूर्ण करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ स्टेशन आहे. २८ नोव्हेंबर १९२५च्या रात्री तिथे ७७ वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसनने फिडल वाजवलं, आणि त्यातून दर शनिवारचा एक कार्यक्रम सुरू झाला. तीच ऑप्री. तिथे सभासद म्हणून बोलावणं येणं हा कंट्री गायकाचा सगळ्यात मोठा मान. २०२५ मध्ये शंभरी झाली, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही प्रयोग झाला. माणसं भारावून लिहीत होती, 'परंपरा जपली'.

कोणती परंपरा, ते बघूया.

स्टेशन होतं एका विमा कंपनीचं. डब्ल्यूएसएम म्हणजे 'वी शील्ड मिलियन्स', हे त्या कंपनीचं घोषवाक्य! म्हणजे स्टेशनच्या नावातच जाहिरात. मला त्यात काही गैर वाटत नाही. माझाही पगार कोणीतरी काहीतरी विकतं त्यातूनच येतो. पण मग त्याला मातीतून उगवलेलं वगैरे म्हणू नका.

निवेदक जॉर्ज हे हा मूळचा पत्रकार. वय तीस, आणि स्वतःला म्हणवून घ्यायचा 'सॉलेम्न ओल्ड जज'. म्हातारा नाही, जज तर नाहीच नाही. डॉ. हम्फ्री बेट हा व्हँडरबिल्टमध्ये शिकलेला खराखुरा डॉक्टर. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव बदलून हेने 'पॉसम हंटर्स' केलं. सुटाबुटात येणाऱ्या वादकांना फोटोसाठी शेतकऱ्याचे कपडे चढवले. पुढे १९४०मध्ये आलेली मिनी पर्ल, टोपीवर १.९८ डॉलरची किमतीची चिठ्ठी लोंबकळणारी भोळी खेडवळ बाई, ही खरी साराह कॉली, चांगल्या कॉलेजात नाटक शिकलेली. थोडक्यात काय, शहरातल्या ऑफिसात बसून 'गावाकडचं' तयार होत होतं. ब्रँडिंग हो, दुसरं काय!

आणि भेसळीचं म्हणाल तर कंट्री म्हणजे भेसळच आहे. बँजोचं मूळ आफ्रिकेत, फिडल युरोपचं, स्टील गिटार हवाईची. भेसळ काढून टाकली तर हातात उरेल काय?

आता खरा मुद्दा. 'ऑप्री' हा ऑपेराचा गावठी उच्चार. हे नाव कसं पडलं ते ऑप्रीवाले स्वतःच कौतुकाने सांगतात. १९२७ची गोष्ट. आधीच्या तासाला रेडिओवर शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत झालं होतं. त्यानंतर हेने एका माउथ ऑर्गनवाल्याला पुढे केलं. त्याने 'पॅन अमेरिकन ब्लूज' वाजवलं, म्हणजे तोंडाच्या बाजावर धावती आगगाडी. ते संपल्यावर हे म्हणाला, आत्तापर्यंत तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री.

तो वादक डेफर्ड बेली. कृष्णवर्णीय, गुलामाचा नातू. १९२८च्या ५२ कार्यक्रमांपैकी ४९ मध्ये तो होता, इतका दुसरा कोणीच नव्हता. दौऱ्यावर गर्दी खेचायचा तो, पण गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही.

१९४१मध्ये त्याला काढलं. त्या वर्षी रेडिओ स्टेशनं आणि आस्कॅप ही संगीतकारांची संस्था यांच्यात लायसन्सच्या पैशांवरून जुंपली होती. जी गाणी वाजवून बेली मोठा झाला, तीच वाजवायची बंदी आली. आणि चार वर्षांनी हेने ऑप्रीच्या इतिहासाची पुस्तिका लिहिली, त्यात काय लिहिलं? तर बेली आळशी होता, डझनभर गाणी यायची, नवीन शिकेना!

ओळखीचं वाटतंय ना? निर्णय वरचा, भांडण लायसन्सचं, आणि कागदावर मात्र तुमचाच 'परफॉर्मन्स इश्यू'. बेलीने नंतरची कित्येक वर्षं त्याच नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं.

त्यानंतरचा कृष्णवर्णीय सभासद चार्ली प्राइड, साल १९९३. मधे गेली ५२ वर्षं. कोणी म्हणेल, प्राइडला साठच्या दशकातच विचारलं होतं, पण दर वर्षी इतके शनिवार हजेरी लावायची अट जमेना म्हणून त्यानेच नकार दिला. मान्य. १९६९मध्ये लिंडा मार्टेल तिथे गायली, तेही मान्य. पण पाहुणा म्हणून येणं वेगळं आणि घरचं होणं वेगळं. आणि बावन्न वर्षांत विचारण्याजोगा एकच माणूस सापडला, हे उत्तर आहे की कबुली?

म्हणून ऑप्री मोडीत काढायची का? अजिबात नाही. १९३२ पासून डब्ल्यूएसएमचे ५०,००० वॉट रात्री दूरदूरच्या राज्यांत पोचायचे. बेलीला पुढच्या दाराने आत घेतलं नसतं अशा कित्येक घरांत त्याची आगगाडी शिरली, ती ऑप्रीमुळेच. शंभर वर्षं दर आठवड्याला लाइव्ह कार्यक्रम करणं म्हणजे काय, हे प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या माणसाला सांगायला नको.

१९७४मध्ये ऑप्री जुन्या रायमन सभागृहातून नव्या इमारतीत गेली, तेव्हा जुन्या रंगमंचाच्या लाकडाचा सहा फुटी गोल कापून नव्या रंगमंचात बसवला. २०१०च्या पुरात तो पाण्याखाली गेला, तरी दुरुस्त करून परत लावला. लाकूड इतकं जिवापाड जपता येतं, तर माणसंही जपता आली असती. माझं भांडण एवढंच आहे.

तेव्हा 'अस्सल' हा शब्द कोणी तोंडावर फेकला की विचारा, कोणी ठरवलं, आणि ठरवताना कोणाला दाराबाहेर काढलं?

असो. त्या मित्राला 'पॅन अमेरिकन ब्लूज'ची लिंक पाठवली आहे. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.