देणगी म्हणून मोकळे होऊ नये

नातवाने दिलेली एक जपानी चित्रकथा नुकतीच वाचली. अकिरा हिरामोतो यांची ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’. अमेरिकेतल्या मिसिसिपीचा कृष्णवर्णीय गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन (१९११-१९३८) तिचा नायक. ब्लूज म्हणजे तिथल्या कष्टकरी कृष्णवर्णीयांचं गाणं. दंतकथा अशी, की रॉबर्टने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात वादन मिळवलं. त्यावरच ही चित्रकथा रंगवली आहे.

रंगली आहे खरी, पण मला दंतकथा पटत नाही. रॉबर्ट आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे शिकला होता. रात्री स्मशानात बसून दोघे सराव करत, असं झिमरमनच्या घरच्यांनी सांगितलं आहे. १९३६-३७ साली ध्वनिमुद्रित झालेली त्याची २९ गाणी त्या सरावाची कमाई आहे.

आपण तरी वेगळं काय करतो? आमच्या तुळजापूरच्या बाजूला गोंधळ्याचं संबळ ऐकलं की सहज म्हणतो, ‘आईची कृपा!’ आईवर माझीही श्रद्धा आहे. पण बापाशेजारी बसून वर्षानुवर्षं हात घासल्याशिवाय संबळ बोलत नाही, रात्रभराची आख्यानं पाठ होत नाहीत. तिथे सैतान, इथे कृपा. मेहनत दोन्हीकडे झाकली जाते. शिवाय देणगी म्हटली, की बिदागी देताना हात आखडायला आपण मोकळे!

शिकवणीची फी आपण मुकाट्याने भरतो ना? मग गोंधळ्याच्या विद्येचं मोलही आधी ठरवून, मानाने द्यावं. देवीला नमस्कार करावाच, पण वादकाचं वादकाला द्यावं.