चकाकीचे मोल
आमच्या घरोघरची स्टीलची भांडी गंजत नाहीत, याचे श्रेय क्रोमियमला आहे. पोलादात ते निदान १०.५ टक्के असले, की पृष्ठभागी त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा सांधतो. यासाठी क्रोमाइट खनिज कोकसह विजेच्या भट्टीत वितळवून फेरोक्रोम हा मिश्रधातू काढतात व तो पोलादात मिसळतात.

भारतातील बहुतेक सारे क्रोमाइट ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे. तेथील खाणींच्या पाण्यात विषारी षट्संयुजी क्रोमियम उतरते. हिराकस घालून ते पुष्कळ सौम्य करता येते. हा खर्च भांड्याच्या किमतीतच धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यापायी भांडे चार पैशांनी महागले तरी चालेल. परंतु आमच्या ताटाच्या चकाकीपायी दुसऱ्याच्या पेल्यात विष उतरू नये.